कधी न पाहिलेल्या माणसाचं चित्र

मुंबईच्या चित्रशाळेतलं शिक्षण संपवून मी रत्नागिरीला ड्रॉइंग मास्तर म्हणून आलो तेव्हा पंचविशीच्या आसपास होतो. घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. लग्न लहानपणीच झालेलं. बायको मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली, आणि आमची धड ओळख होण्याआधीच गेली. एका वकिलाच्या घराची माडीवरची खोली मी भाड्याने घेतली होती. दिवसभर मुलांना घडा, घन आणि शंकू काढायला शिकवायचं आणि संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर जाऊन बसायचं, एवढाच माझा दिनक्रम.

येताना मी रंगांच्या नळ्या, कॅनव्हासची गुंडाळी, चांगले ब्रश असं सगळं घेऊन आलो होतो. पहिल्या वर्षी समुद्र काढला, किल्ला काढला, भाट्याच्या खाडीतली गलबतं काढली. चित्रं वाईट नव्हती. वकीलसाहेब माडीवर आले की बघून "वा" म्हणत आणि लगेच दुसऱ्या विषयाकडे वळत. मलाही त्यांचा राग येत नसे. चित्र पुरं झालं की मी स्वतःच ते भिंतीशी उलटं करून ठेवत असे. हाताला शिकवलेलं हात करत होता. त्याच्यामागे कुणी माणूस उभा नव्हता, हे मला कळत होतं. दुसऱ्या वर्षी नळ्यांची तोंडं वाळून घट्ट झाली तरी मी ती उघडली नाहीत.

गणपतीच्या दिवसांत मात्र थोडं काम मिळे. जवळच्या कारखान्यातल्या म्हाताऱ्या मूर्तिकाराचा हात कापू लागला होता. मूर्ती तो करायचा आणि डोळे रेखायला मला बोलवायचा. त्या डोळ्यांमुळेच ती बाई माझ्याकडे आली.

विसर्जन होऊन गेल्यावरची गोष्ट. शाळा सुटली होती आणि मी फाटकाबाहेर पडत होतो. पन्नाशीतच म्हातारी दिसू लागलेली एक काळीसावळी बाई, कासोटा घातलेली, उन्हात उभी होती.

"गणपतीचे डोळे काढणारे मास्तर तुमीच काय?" तिने विचारलं.

"हो."

"माज्या पोराचा मुखडा काढून द्याल?"

मी म्हटलं, "आणा त्याला. रविवारी आणा."

 ती म्हणाली, "तो असता तर मुखडा कशाला मागितला असता, मास्तर?"

चालता चालता तिने सगळं सांगितलं. तिचा एकुलता एक मुलगा फत्तेमारीवर, म्हणजे शिडाच्या मालवाहू गलबतावर, खलाशी होता. वैशाखाच्या शेवटी मंगळूरहून कौलं भरून फत्तेमारी निघाली, आणि वाटेत कुठेतरी वादळात सापडली. मागून येणाऱ्या दुसऱ्या एका फत्तेमारीने आदल्या संध्याकाळी तिचं शीड पाहिलं होतं. त्यानंतर काही नाही. फळकुटसुद्धा कुठल्या किनाऱ्याला लागलं नाही. घरात ती आणि तिची सून, दोघीच. नवरा तरुणपणीच वारला होता.

"फोटो आहे का एखादा?" मी विचारलं.

"नाय. मुंबैला काढणार होता. मीच नको म्हटलं. फोटो काढला की आयुष्य उतरतं, असं आमच्यात म्हणतात." पुढे ती म्हणाली, "लोक सांगतात, सुनेचं कुंकू पुसा, दिवस घाला. मी नाय घातले. पण मास्तर, आता डोळे मिटले तर तो लगेच येत नाय. वाईच थांबावं लागतं. उद्या आलाच नाय, तर?"

न पाहिलेल्या माणसाचं चित्र काढता येत नाही, हे तिला सांगायला हवं होतं. मी ते सांगितलंही. तिने ते ऐकलं आणि विचारलं, "गणपतीला कुटं बघितलं होतंत?"

रविवारी मी कोळसा आणि कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो. मांडवीच्या अलीकडे, उतारावर माडांत ते घर होतं. पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर, आणि त्याच्या मागच्या दाराबाहेर केळी. म्हातारीने पडवीत घोंगडी अंथरली आणि स्वतः समोर बसली. सून माजघराच्या दारामागे उभी असावी. मला तिची सावली तेवढी जमिनीवर दिसत होती.

"चेहरा लांबट की गोल?" मी विचारलं.

"गोल. गोड होता."

"नाक कुणासारखं?"

"त्याच्या मामासारखं."

मग मामाला बोलावून आणलं. मामा बिचारा हातातलं काम टाकून आला आणि फोटोग्राफरपुढे बसावं तसा श्वास रोखून बसला. त्याचं नाक घेतलं. कान घेतले. हनुवटी एका चुलतभावाची निघाली. मी काढत होतो, ती बघत होती. दर वेळी ती "हा नाय" म्हणे. कधी कधी कागद समोर धरायच्या आधीच म्हणे. संध्याकाळपर्यंत घोंगडीभोवती अर्धवट चेहऱ्यांचे कागद पसरले. त्या सगळ्यांत काहीतरी सारखं होतं, ते सगळे दहा-बारा वर्षांचे दिसत होते. म्हातारीला आठवत होता तो तेवढाच मुलगा.

मी कागद गोळा करू लागलो तेव्हा दारामागून आवाज आला.

"कपाळ येवढं मोठं नाय."

म्हातारीने मान वळवली. "तुला काय गो ठावं?"

"केस पुढं यायचे. कपाळ दिसायचं नाय."

"तू चार म्हयने बघितलंस. मी जन्म दिला त्याला."

 आतून ती म्हणाली, "पण शेवटी मी बघितलंय."

म्हातारीने पदर तोंडाला लावला. तिला राग आला असं मला वाटलं, पण तसं नव्हतं. ती उठली, सुपातली सुकी मासळी उचलली आणि अंगणात जाताना म्हणाली, "तिला विचारा, मास्तर. तिला विचारूनच काढा."

पुढच्या रविवारपासून असं ठरून गेलं. म्हातारी अंगणात काहीतरी निवडत किंवा वाळवत बसायची, मी पडवीत आणि सून माजघराच्या उंबऱ्याआड. ती दाभोळची. आदल्या वर्षीच्या चैत्रात लग्न होऊन आलेली. खलाशाचं काम पावसाळ्यात बंद, गलबतं किनाऱ्यावर ओढून ठेवलेली, म्हणून नवरा चार महिने घरी होता. नारळी पौर्णिमेनंतर गलबतं पाण्यात गेली. त्यानंतर तो आला तो एखाद्या रात्रीपुरता. तिच्या वाट्याला आलेला संसार म्हणजे तो एक पावसाळा.

तिला वर्णन करता येत नसे. डोळे कसे, म्हटलं की ती म्हणे, "चांगले." म्हणून मी चेहऱ्याबद्दल विचारणं सोडून दिलं. ते घरी असताना काय करायचे, असं विचारलं. तेव्हा ती बोलू लागली. दिवसभर काथ्याचं सुंभ वळायचे. शीड शिवायचे. शिवताना दोरा दातांनी तोडायचे, तेव्हा एक भुवई वर जायची. हसायचे तेव्हा आवाज यायचा नाही, खांदे हलायचे. जेवताना बोलायचे नाहीत. रागावले की कान लाल व्हायचे. हे सगळं ती हळू आवाजात सांगायची, मधेच थांबायची, आणि थांबली की आत भांडं उचलून ठेवल्याचा आवाज यायचा.

मी घरी येऊन रात्र होईपर्यंत कागदावर हे सगळं उतरवत असे. पंधरवड्यात एका माणसाची सगळी हाडं मला माहीत झाली. रस्त्याने चालताना मला भुवया दिसू लागल्या, खांदे दिसू लागले. मांडवीला उतरणाऱ्या खलाशांच्या मागे मी वेड्यासारखा चालत गेलो आहे, केवळ एखाद्याची मान तशी असेल म्हणून. पावसाळ्यात बंद असलेली आगबोट पुन्हा सुरू झाली होती. मुंबईहून नवे रंग मागवले, जवसाचं तेल मागवलं. वकीलसाहेबांनी जिन्यात तेलाचा वास घेतला आणि म्हणाले, "मास्तर, पुन्हा सुरुवात का?" मी हसलो. मला त्यांना सांगावंसं वाटलं की आयुष्यात पहिल्यांदाच सुरुवात आहे.

हे कुणासाठी चाललं होतं, ते मला लवकरच कळलं. आठवड्याचे सहा दिवस मी रविवारची वाट पाहत होतो. तिचा चेहरा मी नीट पाहिलाही नव्हता. हातातल्या बांगड्या, उंबऱ्याशी टेकलेलं पाऊल आणि आवाज, एवढीच ती मला माहीत होती. तो आवाज सतत दुसऱ्या कुणाबद्दल बोलत होता, आणि तो ज्या जिव्हाळ्याने बोलायचा तो ऐकूनच मी त्यात सापडलो होतो. या प्रेमाला पुढे रस्ता नव्हता. जात वेगळी, ती कुंकू लावणारी, आणि तिच्या मनात एकच माणूस. मला तिला काही म्हणायचंही नव्हतं. मला तिला काहीतरी द्यायचं होतं, आणि माझ्याजवळ देण्यासारखं जे होतं ते माझ्या हातात होतं. तिला तिचा नवरा हवा होता. मग तो मी द्यावा.

पहिलं तैलचित्र दसऱ्याच्या सुमाराला झालं. चित्रशाळेत शिकवलं होतं तसं, डाव्या खिडकीतून उजेड, अर्धा चेहरा उजळ, अर्धा छायेत. मी ते नेऊन पडवीत ठेवलं. म्हातारीने बघितलं आणि "मोठा झाला" एवढंच म्हणाली. सुनेने दाराआडून बराच वेळ बघितलं.

"नाक तेच, डोळे तेच," ती म्हणाली.

"मग?"

"माणूस दुसरा हाय."

"काय चुकलंय?"

"काय नाय चुकलं." ती दारामागे सरकली. "चुकलं असतं तर सांगितलं असतं."

मी ते चित्र घरी आणून कॅनव्हास खरवडून टाकला. त्यानंतरचे काही दिवस वाईट गेले. वर्गात मुलं घड्याचा काठ वाकडा काढत होती आणि मी खिडकीबाहेर बघत होतो. जे करायला माझा जन्म झाला असेल असं वाटत होतं, तेच मला येत नव्हतं. एकदा तर मनात आलं, त्यांना निरोप पाठवावा की जमत नाही. पण मग रविवारी जाणं बंद झालं असतं.

त्या रविवारी मी रिकाम्या हातांनी गेलो. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "ते बसायचे कुठे? सुंभ वळताना?"

"मागल्या दारात."

"तुम्ही कुठे असायचात?"

"चुलीपाशी. दुसरीकडं कुटं असणार? पडवीला झापं लावलेली असायची. आत काळोख. मागल्या दारातून येईल तेवढाच उजेड."

मी उठून उभा राहिलो. हा माणूस तिने उन्हात पाहिलाच नव्हता. आमच्याकडे पावसाळ्यात पडवीला नारळाच्या झावळ्यांची झापं बांधतात, सबंध घर गुहेसारखं होतं. आषाढातला ओला, केळीच्या पानांवरून येणारा हिरवट उजेड एका बाजूने पडलेला, बाकी सगळा काळोख. तिचा नवरा त्या उजेडातला होता. मी त्याला लख्ख खिडकीशी नेऊन बसवलं होतं.

म्हातारीला मी विचारलं, "झापं आहेत का अजून?"

"माळ्यावर हायत. पण आता कशाला? पाऊस सरला."

"पुन्हा बांधता येतील?"

 तिने मामाला हाक मारली. आश्विनातल्या लख्ख दुपारी त्या दोघांनी पडवीला झापं बांधली, आणि शेजारच्या बायका कुंपणाशी येऊन बघत राहिल्या. घर अंधारलं. म्हातारी म्हणाली, "आत जावा, मास्तर," आणि स्वतः ओटीच्या दारात बसली.

माजघरात मागल्या दाराशी पाट मांडला होता. मी त्यावर बसलो. चुलीजवळ ती उभी होती. तिला समोर पाहण्याची माझी ती पहिलीच वेळ. पण काळोखामुळे फक्त उंची आणि बांगड्यांची चमक कळत होती.

"असेच बसायचे?" मी विचारलं.

"वाईच आत. भिंतीला पाठ. पाय दाराबाहेर." ती एकेक सांगत गेली. "मान खाली. हातात सुंभ असायचं." तिने कोपऱ्यातलं काथ्याचं बोचकं पुढे सरकवलं. मी काथ्या हातात घेतला. "तसं नाय, मांडीवर ठेवून. हां. आता मी हाक मारली की बघायचे."

"कशी हाक?"

तिने हाक मारली नाही. हातातली वाटी जमिनीवर हळूच टेकवली. तीच तिची हाक असावी. मी मान वर केली.

ती माझ्याकडे बघत होती. किती क्षण, ते मला सांगता येणार नाही. दारातला उजेड तिच्या तोंडावर आला होता. तसं कुणी माझ्याकडे त्यापूर्वी पाहिलं नव्हतं आणि पुढेही पाहिलं नाही. ओठ किंचित सुटलेले, डोळ्यांत सगळं घरदार. मग तिला मी दिसलो. ते सगळं तिच्या चेहऱ्यावरून कसं उतरत गेलं ते मी समोर बसून पाहिलं. तिने पदर ओढला आणि भिंतीकडे वळून उभी राहिली. ओटीवरून म्हातारी म्हणाली, "काय झालं गो?" ती म्हणाली, "काय नाय. धूर गेला डोळ्यात." चूल पेटलेली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत मी चित्र काढलं. खोलीच्या खिडकीला गोणपाट लावून एक फट ठेवली. आधी सगळा कॅनव्हास गडद केला, करडा आणि तपकिरी, आणि मग त्यातून चेहरा वर आणत गेलो, बोटाने, चिंधीने, कमीत कमी रंगाने. एका गालावर हिरवट झाक, कपाळावर पुढे आलेले केस, वर गेलेली एक भुवई. अवघड काम डोळ्यांचं होतं. पण आता मला ठाऊक होतं की समोरून त्या नजरेने कुणी बघितलं तर माणसाचे डोळे कसे होतील. माझेच झाले होते. मी आरसा घेऊन बसलो नाही, त्याची गरज पडली नाही. मी जेवायला विसरत होतो. वकीलसाहेबांच्या घरून फराळाचं ताट वर आलं, ते तसंच राहिलं. त्या दिवसांत मी सुखी होतो का? असेन. पण प्रत्येक फटकाऱ्याबरोबर तो माणूस जिवंत होत होता आणि मी त्या घरातून बाहेर पडत होतो, हेही मला कळत होतं. एका दुपारी ब्रश खाली ठेवला आणि समजलं की आता आणखी काही करायचं नाही. तेव्हा मी खूप रडलो.

रंग वाळायला वेळ द्यावा लागला. मग धोतरात गुंडाळून चित्र घेऊन गेलो आणि अजून झापं बांधलेल्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवलं.

म्हातारी जवळ जाऊन बघत राहिली. तिने बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. "ह्याला मी बघितलाच नव्हता," ती पुटपुटली. "हा तिचा हाय."

सून उंबरा ओलांडून बाहेर आली. पहिल्यांदाच. माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, जसा घरचा माणूस आल्यावर करतात, आणि अगदी हळू म्हणाली, "आलात?"

मग तिने चित्र उचललं, दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि आत नेलं. माजघराचं दार लागलं. म्हातारीने मला चहा आणून दिला. मी तो घेतला की नाही आठवत नाही. मी उतार चढू लागलो. मागे वळून बघायचं काही कारण उरलं नव्हतं. रविवार संपले होते.

त्यानंतर मी चित्रं काढायचा प्रयत्न केला नाही असं नाही. हात तयार झाला होता, ते मला समजत होतं. पण ब्रश उचलला की मनात येई, कुणाला नेऊन दाखवणार? तिचं चित्र काढावं असंही वाटलं. चुलीजवळून पाहतानाचा तो चेहरा मला रेषान् रेष पाठ होता. कितीदा काढला. दर वेळी तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायचा. मी ते कागद जाळून टाकले.

म्हातारी कधी बाजारात भेटे. "बरा हाय तुमचा खलाशी," ती म्हणे. "ती त्याच्याशी बोलते. मला ऐकू येतं." मला त्यात आनंद वाटायला हवा होता. रात्री मी जागा राहायचो.

दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी, शिमग्याच्या थोडं आधी, दुपारच्या सुट्टीत शिपाई सांगत आला की दोन बायका आल्या आहेत. शाळेच्या मागच्या व्हरांड्यात त्या दोघी उभ्या होत्या. सुनेच्या हातात माझंच धोतर होतं, आणि त्यात गुंडाळलेलं चित्र.

ती वाळली होती. कपाळावर कुंकू होतं. या वेळी ती माझ्याकडे सरळ बघून बोलली.

"हे परत घ्या, मास्तर."

"खराब झालं का? ओल लागली असेल तर मी..."

"खराब नाय झालं. जसंच्या तसं हाय."

"मग?"

 सासूने तिच्या पाठीवर हात ठेवला. "सांग त्यांना. आणलंस ना, मग सांग."

"आधी मला ते चालताना दिसायचे," ती म्हणाली. "पाठमोरे दिसायचे. विहिरीवरनं येताना, जेवताना. रागावलेले दिसायचे. आता डोळे मिटले की हेच दिसतं. दारात बसलेत, मान वर केलीय. हलत नायत. बोलत नायत. कितीबी आठवलं तरी हेच पुढं येतं. बाकीचे कुटं गेले ते सगळे?"

 म्हातारी म्हणाली, "माजा माज्याकडं हाय, मास्तर. ल्हान हाय, पण हाय. तिचाच गेला."

"तुमची चूक नाय," सून घाईघाईने म्हणाली. "तुमी लई चांगलं काढलंत. वाईट काढलं असतंत तर बरं झालं असतं."

मी चित्र हातात घेतलं. मैदानात मुलं ओरडत होती. मी म्हटलं, "दुसरं काढू का? पाठमोरं? विहिरीवरून येतानाचं?" माझा आवाज माझा मलाच केविलवाणा वाटला.

"नको," ती म्हणाली. "आता काय काढू नका."

त्या दोघी फाटकातून बाहेर गेल्या. घंटा झाली, मी वर्गात गेलो आणि फळ्यावर शंकू काढला. मुलांनी उतरवून घेतला. बहुधा मी बरोबर काढला असावा.

चित्र परत केल्यावर तिला तिचा माणूस परत मिळाला का, हे मी काही महिन्यांनी म्हातारीला विचारलं. तिने मान हलवली. "रिकाम्या भिंतीकडं बघत बसते," म्हणाली. "आता तेबी नाय नि हेबी नाय." पुढच्या वर्षी म्हातारी वारली. दाभोळहून भाऊ आला आणि सुनेला घेऊन गेला. घर बंद झालं.

मी त्यानंतर चित्र काढलं नाही. तिने सांगितलं म्हणून, असं म्हणणं खोटं होईल. काढण्यात काही अर्थच उरला नव्हता. माझ्यापाशी जेवढं प्रेम होतं तेवढं सगळं एका चौकटीत ओतलं होतं, आणि त्यानेच, जिच्यासाठी ते ओतलं तिचं होतं-नव्हतं ते पुसून टाकलं. कुणी मला सांगतं की कलेच्या मुळाशी प्रेम असावं लागतं. मी वाद घालत नाही. एकदा परीक्षेच्या कामाने मुंबईचे एक साहेब माझ्या खोलीवर आले आणि त्यांना ते चित्र दिसलं. बराच वेळ ते उकिडवे बसून बघत राहिले. "हे प्रदर्शनात पाठवा," ते म्हणाले. "चित्राला बसलं होतं कोण?"

"माहीत नाही," मी म्हटलं. त्यांना वाटलं मी थट्टा करतो आहे. चित्र मी पाठवलं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी, केस पिकायला लागले होते तेव्हा, ड्रॉइंगच्या परीक्षेसाठी मला दापोलीला जावं लागलं. परतताना मुद्दाम वाट वाकडी करून दाभोळला उतरलो. तिथून बोट धरायची, असं मी स्वतःला सांगत होतो. बंदरावर मासळीचे वाटे लागले होते. त्या गर्दीत ती दिसली. जाडी झाली होती, पाटी समोर ठेवून दुसऱ्या एका बाईशी मोठ्याने हुज्जत घालत होती. आवाज मी लगेच ओळखला. तिने मान वर केली आणि मला पाहिलं. तिला ओळख पटायला थोडा वेळ लागला.

"रत्नांग्रीचे मास्तर ना?"

"हो."

"बरे हाव?"

"बरा आहे. तुम्ही?"

"चाललंय." तिने पाटीवरच्या माश्या हाताने हाकलल्या. मग म्हणाली, "तुमाला आठवतो का त्यांचा चेहरा?"

मी हो म्हणालो.

"मला नाय," ती म्हणाली. रडत नव्हती, भाव सांगावा तसं सांगत होती. "चित्रबी नाय आठवत आता. सगळंच गेलं."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि वाट्याला हात लावून किंमत विचारू लागलं. ती त्याच्याशी बोलू लागली. बोट लागल्याची ओरड झाली, तशी मी पिशवी उचलली आणि बोटीवर नेणाऱ्या पडावाकडे चालू लागलो.